महिन्यात बॉडी: खान्देशातल्या घाईमागचा इतिहास

जळगाव असो की धुळे, जिममध्ये नाव नोंदवायला आलेल्या पोराचा पहिला प्रश्न मुदतीचा असतो. आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) दंड दिसतील ना? भावाचं लग्न वैशाखात आहे, तोवर छाती भरेल ना? आखाड्यात वस्तादाला असं विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं असतं तरी उत्तराऐवजी शंभर बैठकांची शिक्षा मिळाली असती. शरीर कमवायची हौस या भागात जुनीच आहे, त्याला तारीख लावायची सवय मात्र अलीकडची. ती कुठून आली हे बघायचं तर आधी लाल मातीत उतरावं लागतं.

खान्देशात गावोगावच्या जत्रेला कुस्त्यांची दंगल ठरलेली. आधी नारळावरच्या, रेवड्यांवरच्या बारक्या पोरांच्या कुस्त्या, मग चढत चढत मानाची. पैलवान तयार व्हायचा तो या दिवसासाठी. दंड-मांड्या भरायच्या, पण तो कुस्तीच्या मेहनतीचा वरकड फायदा होता. आरशापुढे उभं राहायला कुणी जोर मारत नव्हतं. साधनं मोजकी: जोर, बैठका, मुद्गल, करेला (हाही मुद्गलासारखा फिरवायचा जड सोटा) आणि मल्लखांब. मल्लखांबाला आजचं रूप दिलं ते दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी, असं मानलं जातं.

या पद्धतीत वजन बहुतेक स्वतःच्याच शरीराचं, म्हणजे ठरलेलं. वाढवायची ती संख्या. आज पन्नास बैठका, पुढच्या महिन्यात शंभर, पुढे पाचशे. व्यायामशास्त्र शिकलेले लोक मध्यंतरी याला हसायचे: एवढ्या रेप्सने, म्हणजे एकच हालचाल एवढ्या वेळा केल्याने, दम वाढेल, स्नायू नाही. अलीकडच्या अभ्यासांनी त्यांचं हसू बरंच आवरलं आहे. हलकं वजनही थकवा येईपर्यंत, पुढचा रेप जवळपास निघणार नाही इथपर्यंत नेलं, तर स्नायू जड वजनाइतकाच वाढू शकतो. आखाड्याचं चुकत नव्हतं, फक्त वेळ फार जायचा. पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन तास आणि मधे झोप. शेतावर मजुरीला जाणाऱ्याला हे परवडणारं नव्हतंच.

परवडण्याचा खरा प्रश्न खुराकाचा. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांसाठी एक प्रकरणच दिलं आहे. वय, आकार आणि ताकद पाहून मल्लांचे प्रकार, त्यांचा व्यायाम, आणि राजाने त्यांना काय खाऊ घालायचं तेही: डाळी, मांस, दूध, साखर, मिठाया. पैलवान पोसायला राजा लागतो, हे तेव्हाच लिहून ठेवलेलं. राजे गेल्यावर ते ओझं घरावर आलं. दूध, साजूक तूप, बदाम-खसखशीची थंडाई. दावणीला म्हशी असलेल्या घराला एखादा पोरगा पैलवान करता यायचा, दुसऱ्याचं नाव निघालं की हिशेब सुरू. यातली गंमत अशी की १९४५ साली आपल्या अंमळनेरात जी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स कंपनी निघाली, म्हणजे आजची विप्रो, ती वनस्पती तूप काढायची. पैलवानाच्या ताटाला ते चालणारं नव्हतं, पण बाकी घराच्या ताटात वनस्पती आलं.

त्या खुराकाकडे आजच्या नजरेने पाहिलं तर त्यात उष्मांक आणि स्निग्ध पदार्थ भरपूर, प्रथिनांचा मुद्दाम असा हिशेब नाही. तरी प्रथिनं मिळत होती, आणि त्यांची सगळ्यात हुशार सोय तुपाच्या डब्यात नव्हती, ती होती भाकरीत. कळण्याची भाकरी खान्देशाबाहेर फारशी कुणाला ठाऊक नाही. ज्वारीत अख्खे, सालासकट उडीद घालायचे, साधारण चाराला एक, मीठही दळतानाच पडतं. पीठ करडं दिसतं, हाताला किंचित चिकट लागतं, ज्वारीच्या नुसत्या पिठासारखं थापताना कडेला तडकत नाही. तव्यावरची भाकरी जाडसर, वर तेल आणि ठेचा, सोबत भरीत. तृणधान्यात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, ते उडदात भरपूर; डाळींत सल्फर असलेली अमिनो आम्लं कमी, ती धान्यात. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. शंभर ग्रॅम कळण्याच्या पिठात बारा-तेरा ग्रॅम प्रथिनं निघतात. आपल्या आज्यांनी हे प्रथिनांसाठी केलं नव्हतं, चवीला आणि पोटाला टिकावं म्हणून केलं होतं. पण झालं ते पक्कं काम.

आता घाईकडे. ती आली फोटोतून. प्रशियात १८६७ साली जन्मलेला यूजेन सँडो हा जत्रेत वजनं उचलणाऱ्यांच्या पंथातलाच. पण लोक आपण काय उचलतो यापेक्षा आपण कसे दिसतो याचे पैसे देतात, हे त्याने हेरलं. अंगाला पावडर लावून पुतळ्यासारखे फोटो, स्वतःचं मासिक, स्प्रिंगचे डंबेल्स, टपालाने व्यायामाचे धडे. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, आणि १९०४-०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानात खेळ करून गेला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आधी त्याच्याच साधनांनी व्यायाम करायचे, सूर्यनमस्काराकडे ते वळले ते नंतर. म्हणजे आज इन्स्टाग्रामवर चालणारी ‘आधी-नंतर’ची जोडी काही नवी नाही. फोटोत मधला काळ दिसत नाही, आणि विकायचं असतं ते नेमकं तेवढंच.

जिममधली जी बोली आता आपली वाटते, तिचा उगम मात्र इस्पितळात आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा डॉक्टर जखमी सैनिकांचे पाय सावरत होता. तेव्हाचा रिवाज हलक्या व्यायामाचा. डीलॉर्म स्वतः वजनं मारणारा. त्याने सैनिकांना जड वजन द्यायला सुरुवात केली आणि ताकद वाढेल तसं तेही वाढवत नेलं. १९४५ मध्ये त्याने हे छापलं. पुढे त्याने सेट, म्हणजे सलग मारायच्या रेप्सच्या फेऱ्या, कमी केले: दहा रेप्स जेमतेम निघतील ते वजन धरायचं, पहिला सेट त्याच्या निम्म्यावर, दुसरा पाऊणवर, तिसरा पूर्ण. चाळीसगावच्या गल्लीतल्या गाळ्यात ट्रेनर ‘भो, तीन सेट मार, दहा-दहाचे’ म्हणतो तेव्हा तो या डॉक्टरचंच बोलत असतो. आखाड्यात संख्या वाढायची, इथे लोखंड वाढतं. वेळ चार तासांवरून एका तासावर आला तो या एका कल्पनेमुळे, आणि माझ्या मते एवढ्यासाठी जिमला मोकळ्या मनाने श्रेय द्यावं.

खान्देशच्या शहरांत या जिम जोरात निघाल्या त्या नव्वदच्या दशकानंतर. आधी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेले बेंच, मग मशिनं. काही जुन्या व्यायामशाळांनाही सरकारी अनुदानातून साहित्य मिळालं. आखाडे ओस पडले असं सर्रास म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. २०१४, २०१५ आणि २०१६ असं सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झालेले विजय चौधरी आपल्याच चाळीसगाव तालुक्यातले, सायगाव बगळीचे.

पावडरीचा इतिहासही काही फार थोर नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत बॉब हॉफमन हा वजनांचा व्यापारी सोयाबीनच्या पिठाचं प्रोटीन विकू लागला. व्हे त्यानंतर आलं. ते चीज करताना उरणारं पाणी वाळवून होतं. त्यात जादू नाही आणि विषही नाही, सोय आहे. स्नायू वाढवायला वजनं मारणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम प्रथिनं पुरतात. त्याहून जास्तीने फारसा फायदा दिसलेला नाही. साठ किलोच्या पोराला झाले ९६ ग्रॅम. कळण्याच्या तीन भाकरी, म्हणजे तीनशे ग्रॅम पीठ, यातून अडतीस-एकोणचाळीस. अर्धा लिटर म्हशीचं दूध, वीसच्या आसपास. मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम शेंगदाणे, बारा. पन्नास ग्रॅम डाळ, अकरा-बारा. ऐंशीच्या वर आपण घरातच पोचलो. वर तीन अंडी घेतली की भागलं. अंडी चालत नसतील तर तीस ग्रॅम सोया वड्या. केळ्यांचं मात्र स्पष्ट सांगायला हवं. रावेर-यावलची केळी २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन घेऊन बसली आहेत, त्यांचा अभिमान आहेच, पण शंभर ग्रॅम केळ्यात प्रथिनं जेमतेम एक ग्रॅम. व्यायामाआधी ताकदीला केळी उत्तम. डझनभर केळी खाऊन दंड वाढत नाहीत, वाढतं ते पोट.

घाईतून निघालेली सगळ्यात वाईट वाट गोळ्यांची. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक प्रयोगशाळेत तयार झालं १९३५ मध्ये, आणि १९५८ मध्ये सीबा कंपनीची डायनाबोल ही त्याच जातीची स्टेरॉइड गोळी बाजारात आली. तिने आणि तिच्या भावंडांनी स्नायू खरोखर वाढतात, म्हणून तर लोक भुलतात. किंमत नंतर कळते: अंडकोष आकसणं, पोराच्या छातीला स्तन येणं, यकृत बिघडणं, हृदय जाड होणं. आपल्याकडे त्याहून स्वस्त आणि त्याहून फसवा प्रकार चालतो. ‘वजन वाढवायच्या’ सुट्या गोळ्यांत डेक्सामेथासोन आणि सायप्रोहेप्टाडिन असतात. दुसरी भूक वाढवते. पहिलीने अंगात पाणी साठतं, चेहरा फुगतो, पंधरा दिवसांत गाल भरलेले दिसतात आणि घरचे म्हणतात, पोरगं सुधारलं! डेक्सामेथासोनही स्टेरॉइडच, आणि नाव ऐकून पोरांना वाटतं स्नायू वाढणार. हे स्टेरॉइड मात्र स्नायू झिजवतं. ते एकाएकी बंद केलं तर आणखी धोका, त्यामुळे कुणी घेत असेल तर त्याने डॉक्टरला दाखवूनच सोडावं.

मग लवकर म्हणजे किती लवकर? नवख्या माणसाची ताकद पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढते, पण ती मुख्यतः मज्जातंतूंची शिकवण असते. मोरितानी आणि डीव्राइस या संशोधकांनी १९७९ मध्ये हे मोजून दाखवलं. स्नायूची जाडी डोळ्यांना दिसायला दोन-तीन महिने जातात. झोप आणि जेवण नीट असेल तर सुरुवातीला महिन्याला अर्धा ते एक किलो स्नायू ही चांगली चाल समजायची. तराजू तीन-चार किलो दाखवत असेल तर बाकीचं पाणी आणि चरबी. ही चाल अडते ती बहुधा एका क्षुल्लक गोष्टीपाशी. आपल्याकडच्या पुष्कळ जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो वाढतात, खांद्याच्या व्यायामात तर नवख्याला ते झेपतच नाही, आणि तो महिनोन्‌महिने त्याच वजनावर राहतो. सव्वा किलोच्या दोन प्लेटा वेल्डिंगवाल्याकडून कापून घेतल्या तर हे काम भागतं. तोवर त्याच वजनावर आठाचे नऊ, नवाचे दहा रेप्स असं वाढवत राहायचं, आणि बारा निघू लागले की मग प्लेट चढवायची.