हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सुरू करताय? आधी चालू असलेली सगळी औषधं दाखवा
(आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी)

पूर्वी लिव्हरच्या या विषाणूजन्य आजारावर महिनोन्महिने इंजेक्शनं घ्यावी लागत. आता सोफोसबुवीरसोबत डॅक्लाटासवीर किंवा वेल्पाटासवीर, दिवसातून एकदा, बहुतेकांना १२ आठवडे. शंभरातले पंच्याण्णव तरी बरे होतात. मात्र शुगर, हृदय, किडनी यांची औषधं चालू असतील तर कोर्सच्या आधी सगळी पाकिटं घेऊन या. नावं तोंडपाठ नसतातच कुणाला.

काउंटरवर आम्ही आधी विचारतो ते अ‍ॅसिडिटीच्या गोळीचं. सकाळी उठल्याउठल्या रिकाम्या पोटी पॅन्टोप्राझोल घेणारे तिला औषधात धरतच नाहीत. पण पोटातलं आम्ल कमी झालं की वेल्पाटासवीर नीट विरघळत नाही आणि रक्तात कमी उतरतं. म्हणून जमल्यास ती बंद. नाहीच जमलं तर कोणती, किती आणि केव्हा हे डॉक्टरांना विचारा. अँटासिडचं पातळ औषध घ्यायचंच असेल तर चार तासांचं अंतर हवं.

टीबीचं रिफाम्पिसिन, फिट्सचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन चालू असताना हा कोर्स चालत नाही. पण म्हणून फिटची गोळी परस्पर थांबवायची नाही! हृदयासाठी अमियोडॅरोन असेल तर जास्तच जपा. सोफोसबुवीरसोबत नाडी धोकादायक मंदावल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारं वॉरफरीन घेणाऱ्यांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी) वरचेवर तपासावा.

मधुमेहींना एक वेगळा अनुभव येतो. विषाणू हटू लागला की शुगर उतरते आणि शुगरच्या औषधाचा जुनाच डोस जास्त होतो. घाम, थरथर जाणवली तर लगेच तपासा.

डायलिसिसवाल्यांना सोफोसबुवीर चालत नाही, हा समज आता जुना झाला. हिपॅटायटिस बीची तपासणी मात्र सुरुवातीलाच हवी, कारण सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो. एचआयव्हीच्या औषधांत एफाविरेन्झ असेल तर आवर्जून सांगा.

कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती उरलाय ती तपासणी) करा. अँटिबॉडी टेस्ट बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, त्याने घाबरू नका. लिव्हर सिरोसिसपर्यंत (कायमचं कडक, व्रणांनी भरलेलं) पोचलं असेल तर विषाणू गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी.

आणि खर्चाचं म्हणाल, तर २०१८पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतल्या केंद्रांवर तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, आधी तिथे चौकशी करा.