सर्व्हिसिंग वेगळं, ओव्हरऑइलिंग वेगळं: सायकलचं दुकान निवडण्याआधी

पावसाळा सरत आला की सायकल चालवणाऱ्या ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. "पुण्यात विश्वासाचा मेकॅनिक सांग ना, मागच्यानं फसवलं." काय फसवलं असं विचारलं, तर गोष्ट बहुतेक वेळा तीच निघते. सर्व्हिसिंगचे पैसे दिले, सायकल चकाचक होऊन घरी आली आणि पंधरा दिवसांत पॅडलपाशी परत कटकट सुरू झाली. मी बिल बघायला मागतो. त्यावर 'जनरल सर्व्हिसिंग' असं स्वच्छ लिहिलेलं असतं. म्हणजे दुकानदारानं कबूल केलेलं काम केलेलं असतं. कटकट जायला ओव्हरऑइलिंग, म्हणजे ओव्हरहॉलिंग, सायकलचे फिरणारे भाग उघडून साफ करणं, हवं होतं. ते गिऱ्हाइकानं मागितलं नाही आणि दुकानदारानंही सुचवलं नाही.

हा घोळ मिटल्याशिवाय कुठलं दुकान विश्वासाचं हे ठरवताच येत नाही. दोन कामं वेगळी आहेत हे गिऱ्हाइकालाच ठाऊक नसेल, तर प्रामाणिक मेकॅनिकवर चोरीचा आळ येतो आणि लबाड माणूस एकाचे पैसे घेऊन दुसरं करून मोकळा होतो.

सर्व्हिसिंग काय असतं ते सायकल वापरणाऱ्याला माहीत असतंच. धुणं-पुसणं, चेन साफ करून तेल, ब्रेक-गिअरच्या केबली ताणणं, डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) जुळवणं, चाकाचा आउट म्हणजे वाकडेपणा काढणं, नट-बोल्ट आवळणं, हवा. यातलं सगळं काम सायकलच्या बाहेरून होतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा करावं. थोडी हौस असेल तर यातलं अर्धं घरच्या घरी जमतं आणि ते जमवावंच असं माझं मत आहे.

ओव्हरऑइलिंग म्हणजे सायकल जिथे जिथे फिरते तिथे तिथे ती उघडणं. अशा मुख्य जागा चार: पुढचं हब (चाकाचा मधला गाभा), मागचं हब, हँडल जिथे फिरतं तो हेडसेट आणि पॅडलच्या दांड्या ज्या एक्सलवर फिरतात तो बी.बी., म्हणजे बॉटम ब्रॅकेट. साध्या आणि मधल्या किमतीच्या बहुतेक सायकलींत या ठिकाणी वाटी, शंकूसारखा कोन आणि त्यांच्यामध्ये सुटे किंवा पिंजऱ्यात बसवलेले छर्रे असतात, हेच बेअरिंग. पुढच्या हबमध्ये साधारणपणे प्रत्येक बाजूला 3/16 इंचाचे 10 छर्रे, मागच्या हबमध्ये 1/4 इंचाचे 9 आणि सुट्या छर्ऱ्यांच्या बी.बी.त 1/4 इंचाचे 11. हे सगळं ग्रीसमध्ये फिरत असतं. ग्रीस वाळलं, त्यात पाणी गेलं, माती गेली की छर्रे कोनाला खरवडू लागतात. बाहेरून सायकल कितीही घासली तरी आतल्या या भांडणाला हात लागत नाही.

लोक नेमके फसतात ते इथे. तेल दिलं म्हणजे ग्रीसिंग झालं असं त्यांना वाटतं. सर्व्हिसिंगच्या शेवटी पोऱ्या हबच्या कडेला, हेडसेटच्या फटीत, बी.बी.च्या तोंडाशी पातळ तेलाचा स्प्रे मारतो. चाक त्या दिवशी खरंच हलकं फिरतं आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण ते पातळ तेल आत झिरपून उरलंसुरलं ग्रीस विरघळवतं आणि ओघळून बाहेर काढतं. बाहेर आलेल्या त्या तेलाला सिंहगड रस्त्याची धूळ चिकटते आणि पुढच्या पावसात ती परत आत जाते. आतापर्यंत निदान जाड ग्रीस होतं, आता चिखल आहे. बेअरिंगच्या तोंडावर स्प्रे मारणारं दुकान मी तिथल्या तिथे यादीतून काढतो, मग तिथली बाकीची कामं कितीही सुबक असोत. डब्ल्यूडी-40चा नेहमीचा निळा-पिवळा डबा गंज सोडवायला आणि पाणी हटवायला उत्तम आहे, बेअरिंगला तो वंगण म्हणून चालत नाही.

मागचं हब नीट उघडलं जाताना एकदा तरी समोर उभं राहून बघा. चाक काढलं जातं. गिअरची चक्री तिच्या खास पान्यानं उतरवली जाते. मग दोन अगदी पातळ पाने निघतात, कोन-पाने. पुढच्याला बहुधा 13चा आणि मागच्याला 15चा लागतो. साधा जाड पाना त्या खाचेत बसतच नाही, म्हणून ज्या दुकानात कोन-पाने नाहीत तिथे हब उघडलं जात नाही, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. लॉकनट सैल होतो, कोन फिरून बाहेर येतो, काळपट छर्रे थाळीत पडतात. रॉकेलमध्ये सगळं धुऊन मेकॅनिक कोन उजेडाकडे धरतो आणि त्यावरून नख फिरवतो. नख अडकलं तर तिथे खड्डा पडलेला आहे. असा कोन नवं ग्रीस भरून परत बसवला तर नवे छर्रेही तो महिन्याभरात खाणार. याच क्षणी चांगला मेकॅनिक हात पुसून तुम्हाला फोन करतो: "कोन गेलाय, बदलू का?" छर्रे तर विचारण्याइतकेही महाग नसतात. ते सगळेच्या सगळे नवे टाकायचे, जुन्यांत चार नवे मिसळायचे नाहीत, कारण झिजलेल्या आणि नव्या छर्ऱ्यांच्या मापात फरक पडतो आणि भार मोजक्याच छर्ऱ्यांवर येतो.

खरी कसोटी परत बसवताना लागते. क्विक रिलीज असलेल्या, म्हणजे पान्याशिवाय निघणाऱ्या चाकाची खिट्टी दाबली की एक्सल किंचित आवळला जातो आणि कोन अजून घट्ट होतो. म्हणून चाक हातात असताना त्यात केसभर प्ले म्हणजे ढिलेपणा मुद्दाम ठेवावा लागतो आणि सायकलवर चढवून खिट्टी दाबल्यावर तो नाहीसा झाला पाहिजे. हातातच प्ले शून्य करणारा मेकॅनिक तुम्हाला आवळलेलं हब देतो आणि ते पहिल्या दिवसापासून कोन चघळायला लागतं. ज्याला हे ठाऊक असतं तो चाक बसवतो, रिम धरून डावी-उजवीकडे हलवतो, परत काढतो, कोन पाव फेऱ्याहून कमी फिरवतो, परत बसवतो. वेळ त्यात जातो आणि पैसेही त्याचेच असतात.

आता दुसरी बाजू. प्रत्येक सायकलच्या प्रत्येक जागी ओव्हरऑइलिंग होत नाही. गिअरच्या अनेक सायकलींत बी.बी. सीलबंद कार्ट्रिजचा असतो. तो उघडून ग्रीस भरायची सोयच नसते, खराब झाला की अख्खा बदलायचा. फार तर तो बाहेर काढून फ्रेमचे आटे साफ करून त्यांना ग्रीस लावून परत बसवतात, आणि पॅडलपाशी येणारी कटकट कित्येकदा तेवढ्यानंच जाते. अशा सायकलच्या बिलावर 'बी.बी. ग्रीसिंग, छर्रे' अशी ओळ दिसली तर शांतपणे विचारा, छर्रे कुठे बसवले? तसंच सात गिअरचं स्वस्त फ्रीव्हील (मागच्या चक्र्यांचा जोड) उघडून बसण्यात अर्थ नाही, गेलं की नवं घ्यावं. आणि बी.बी. काढायचाच असेल तर नेहमीच्या बीएसए मापाच्या आट्यांत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, डाव्या पॅडलसारखे. हे न जाणणाऱ्यानं जोर लावून फ्रेमचे आटे गेलेले मी पाहिले आहेत. त्यानंतर तो मोठा खर्च होतो.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. सर्व्हिसिंग दीड-दोन तासांत होतं, ओव्हरऑइलिंगला सायकल ठेवून यावी लागते. दुसऱ्याचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त असणं साहजिक आहे. पहिलं वर्षातून अनेकदा, दुसरं रोज चालवणाऱ्यानं वर्षातून एकदा. झालं.

मग दुकान कसं ओळखायचं? मी सायकल आत घेण्याआधी एकच विचारतो: "हब उघडणार का?" याची तीन उत्तरं मिळतात. "हो, सगळं करतो" असं मान वर न करता म्हणणारा माझ्या कामाचा नाही. "गरज असेल तर" म्हणणारा बरा. पण जो माणूस उत्तर देण्याआधी पुढचं चाक उचलतो, फिरवतो आणि फोर्कवर हात ठेवून खरखर जाणवते का बघतो, मग पुढचा ब्रेक दाबून हँडल पुढे-मागे हलवतो, चेन उतरवून दांड्या फिरवतो आणि सांगतो, "पुढचं ठीक आहे, मागचं उघडावं लागेल, हेडसेट नुसता आवळतो", त्याच्याकडे सायकल ठेवून निश्चिंत घरी जावं. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, तुम्हालाही घरी करता येते. ती करून गेलात तर कोण खरं बोलतोय ते तिथल्या तिथे कळतं.

चेनबद्दल मात्र त्याच्या हाताच्या अंदाजावर जाऊ नका, मोजायला सांगा. गेज नसलं तरी स्टीलची पट्टी चालते. नव्या चेनच्या पहिल्या पिनेपासून पंचविसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर 12 इंच भरतं. ते 12 आणि 1/16 झालं की चेन बदलण्याच्या बेताला आली, 12 आणि 1/8 झालं तर मागची चक्रीही बहुधा गेली. "चेन लूज झालीय, बदला" एवढंच म्हणून न मोजता नवी चेन गळ्यात मारणं हा आपल्याकडचा सगळ्यात जुना उद्योग आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

काढलेले भाग पिशवीत घालून परत देणारं दुकान मला आवडतं. मागावे लागले तरी हरकत नाही, मागितल्यावर कपाळाला आठ्या पडल्या तर हरकत आहे. आणि बिलावर 'सर्व्हिसिंग' एवढा एकच शब्द नको. कुठलं हब उघडलं, काय बदललं, ओळीओळीनं हवं.

मोठ्या काचेच्या शोरूमबद्दल लोकांना फार भरवसा वाटतो. जिथून चाळीस हजारांची सायकल घेतली तिथेच ती सगळ्यात चांगली दुरुस्त होणार, असं ते धरून चालतात. विकणं आणि उघडणं ही दोन वेगळ्या हातांची कामं आहेत. हायड्रॉलिक ब्रेक, अकरा-बारा गिअर, कार्बनची फ्रेम यांसाठी मी गिअरच्या सायकलींच्या दुकानातच जाईन, कारण तिथे टॉर्क-पाना (ठरावीक जोरानंच आवळणारा) असतो आणि शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल घालायचं, मोटारसायकलचं डॉट ऑइल घालायचं नाही, हे ठाऊक असतं. चुकीचं तेल गेलं की आतली सीलं फुगून जातात. पण वाटी-कोनाचं हब, हेडसेट, जुन्या घोडा सायकलचा बी.बी., आउट गेलेलं चाक, यासाठी पेठेतला तो जुना दुकानदार शोधा, ज्यानं कॉटर-पिनांच्या (दांड्या खिळीनं बसवलेल्या) जुन्या सायकलींचं ओव्हरऑइलिंग करण्यात उमेदीची वर्षं घालवली. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हाचे हे हात आहेत, अजून काही शिल्लक आहेत. डिरेलरचं नाव त्याला सांगता येणार नाही कदाचित, पण कोन किती सोडायचा ते बोटांना कळतं. एकाच दुकानाशी सगळ्या कामांसाठी बांधून घ्यायची गरज नाही. माझी सायकल दोन ठिकाणी जाते आणि दोघांनाही ते माहीत आहे.

वेळेचं पण बघा. बरेच जण मे महिन्यात, 'पावसाळ्यापूर्वीची तयारी' म्हणून ओव्हरऑइलिंग करून घेतात आणि चार महिने पाण्यात चालवून ऑक्टोबरात नुसतं सर्व्हिसिंग करतात. नेमकं उलट हवं. आत शिरलेलं पाणी पावसाळ्यानंतर बाहेर काढायचं असतं. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ राहत असाल तर हे टाळूच नका, खारी हवा बाकीचं काम करते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेसाठी, मोटारी धुणाऱ्याकडे नेऊन सायकलवर जोराचा फवारा मारून घेतात तेही थांबवा. तो फवारा सीलच्या आत पाणी घुसवतो. पूजेला बादली आणि फडकं पुरे. ओव्हरऑइलिंग मग दिवाळीच्या आत उरकून टाकावं.

200 किलोमीटरची बीआरएम (लांब पल्ल्याची, ठरलेल्या वेळेत पुरी करायची सायकल-फेरी) असेल, साडेतेरा तासांत संपवायची, तर तिच्या दोन दिवस आधी ओव्हरऑइलिंग करू नका. नव्या केबली थोड्या बसतात, ताजे आवळलेले कोनही पहिल्या काही फेऱ्यांत जागा घेतात. आधी दोन आठवडे तरी मोकळे ठेवा. शंभरेक किलोमीटर झाले की रिम धरून हलवून बघा, किंचित प्ले आला असेल तर दुकानात जाऊन कोन परत लावून घ्या. एवढ्या कामाचे पैसे चांगला मेकॅनिक घेत नाही, उलट सायकल हातात देतानाच सांगून ठेवतो, "आठवड्यानं एकदा दाखवून जा."