ऑर्गॅनोमेटॅलिक रसायन (पदवी अभ्यासक्रम, मुंबई)

धातू आणि कार्बन यांच्यात थेट बंध असलेल्या संयुगांचे रसायनशास्त्र. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी अभ्यासक्रमात या विषयाला परंपरेने स्वतंत्र पेपर नाही. मुख्य गटातील धातूंची संयुगे, फेरोसीन (दोन कार्बनी वलयांमध्ये लोह असलेले संयुग) आणि उत्प्रेरण अकार्बनी पेपरात येतात, तर ग्रिन्यार (कार्बन-मॅग्नेशियम बंधाची) व लिथियम अभिकारके प्रामुख्याने कार्बनी पेपरात. ही वाटणी सोयीची असली तरी घातक आहे. एका तासाला ज्या बंधातला कार्बन निमूटपणे कार्बऋणायन (ऋणप्रभारित कार्बन) मानला जातो, त्याच बंधाची ध्रुवीयता दुसऱ्या तासाला धातूच्या विद्युतऋणतेवरून नव्याने काढायची असते, आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत हे बहुधा तोंडी परीक्षेत कळते.

व्याप्ती : कार्बनी लिगँड (धातूला जोडलेला रेणू किंवा आयन) असलेले प्रत्येक संयुग या वर्गात बसत नाही. तृतीय वर्षाच्या प्रात्यक्षिकांत लोहाचे ट्रिस-ॲसिटिलॲसिटोनेट किंवा निकेल डायमिथिलग्लायॉक्झिम करतात. पहिल्यात धातू ऑक्सिजनला जोडलेला असतो, दुसऱ्यात नायट्रोजनला, म्हणून दोन्ही वर्गाबाहेर. सायनाइड संकुलांत धातू-कार्बन बंध असूनही ती संकेताने वगळतात, कार्बोनिले (धातूला कार्बन मोनॉक्साइड जोडलेली संकुले) मात्र घेतात. बी-१२ जीवनसत्त्वाच्या सहविकरात कोबाल्ट-कार्बन बंध असल्याचे १९६१ मध्ये क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने दिसून आले.

उगम : आरंभ कोणापासून मानावा याबद्दल एकमत नाही. फ्रेंच रसायनज्ञ काडे यांना १७६० च्या सुमारास आर्सेनिक ट्रायऑक्साइड आणि पोटॅशियम ॲसिटेट एकत्र तापवताना हवेत धुरावणारा, असह्य वासाचा द्रव मिळाला. पुढे बुन्सेन यांनी त्याचा तपशीलवार अभ्यास केला. काही ग्रंथ इथूनच इतिहास सुरू करतात. मात्र आर्सेनिक हा धातुसदृश असल्याने ही तारीख सर्वांना मान्य नाही. दुसरा दावा डॅनिश रसायनज्ञ झाइस यांचा. १८२७ च्या सुमारास प्लॅटिनम क्लोराइड आणि अल्कोहोल यांच्या विक्रियेनंतर पोटॅशियम क्लोराइड घालून त्यांनी पिवळा क्षार वेगळा केला आणि त्यात एथिलीन असल्याचे मांडले. लीबिख यांनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. बिर्नबाउम यांनी १८६८ मध्ये तोच क्षार थेट एथिलीन वायूपासून केल्यावर झाइस यांची बाजू भक्कम झाली. द्विबंधातले इलेक्ट्रॉन धातूला कसे मिळतात आणि धातूकडून परत कसे येतात, याचे स्पष्टीकरण ड्यूअर (१९५१) तसेच चॅट आणि डंकनसन (१९५३) यांच्या मांडणीतून आले. तिसरा दावा फ्रँकलंड यांच्या डायएथिल झिंकचा (१८४९); शाखेचे नावही त्यांच्याकडेच जाते. संक्रमणी धातूंपुरते पाहता झाइस यांचा क्षार अग्रक्रमाला अधिक पात्र वाटतो.

फेरोसीन : अभ्यासक्रमाचा कणा हाच. रसायनज्ञ केली आणि पॉसन यांना वेगळाच हायड्रोकार्बन हवा होता. फेरिक क्लोराइडबरोबर हाती आले ते हवेत टिकणारे नारिंगी स्फटिक. त्यांचे टिपण १९५१ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले. मिलर आणि सहकाऱ्यांनी हेच संयुग स्वतंत्रपणे, बहुधा आधी, मिळवले होते. त्यांचा लेख १९५२ चा. दोन समांतर वलयांमध्ये लोह, ही रचना १९५२ मध्ये विल्किन्सन-वुडवर्ड गटाने आणि जर्मनीत फिशर यांनी मांडली. १९७३ चे नोबेल फिशर आणि विल्किन्सन यांना मिळाले.

दोन वलयांची परस्पर दिशा हा मात्र अजूनही पाठ्यपुस्तकांत चुकणारा भाग आहे. बहुतेक आकृत्यांत वलये एकांतरित, म्हणजे एकाचे कोपरे दुसऱ्याच्या फटींसमोर, दाखवतात. ही समजूत सुरुवातीच्या क्ष-किरण अभ्यासातून आली. पुढे कळले की साध्या तापमानाला स्फटिकात वलयांची मांडणी विस्कळीत असते आणि दिसते ती सरासरी. वायू अवस्थेत कोपऱ्यासमोर कोपरा ही मांडणी किंचित स्थिर ठरते. फिरण्यातला अडथळा मोलमागे सुमारे ४ किलोजूल, म्हणजे नगण्यच. उत्तरपत्रिकेत कुठलीही आकृती काढली तरी ‘वलये जवळजवळ मोकळी फिरतात’ हे वाक्य हवे.

इलेक्ट्रॉन मोजणी : अठरा इलेक्ट्रॉनांचा नियम (स्थिर संकुलात धातूभोवती एकूण अठरा संयुजा इलेक्ट्रॉन) सोपा आहे, गुण जातात ते दोन पद्धतींची सरमिसळ केल्याने. आयनिक पद्धतीत लोह द्विधन, सहा डी-इलेक्ट्रॉनांचे, आणि प्रत्येक वलय सहाचे : एकूण १८. उदासीन पद्धतीत लोह आठाचे, प्रत्येक वलय पाचाचे : पुन्हा १८. लोह पहिल्या पद्धतीने आणि वलये दुसऱ्या पद्धतीने धरली की १६ येतात, आणि मग विद्यार्थी स्थिर फेरोसीनला ‘अपवाद’ ठरवून मोकळा होतो. डायमँगनीज डेकाकार्बोनिलमध्ये धातू-धातू बंधाचा एक इलेक्ट्रॉन विसरला की १७ वर अडकायला होते. विल्किन्सन उत्प्रेरकाचे १६ मात्र खरेच १६. ऱ्होडियमवरची मोकळी जागा हीच हायड्रोजन जोडून घेण्याची सोय आहे.

कार्बोनिलांच्या अवरक्त वर्णपटातल्या पट्ट्यांचा क्रम विद्यार्थी अनेकदा उलटा लावतात. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा २१४३ प्रति सेंमी.ला, निकेल टेट्राकार्बोनिलचा सुमारे २०६० ला, एक ऋणप्रभार असलेल्या कोबाल्ट संकुलाचा १८९० च्या आसपास, दोन ऋणप्रभारांच्या लोह संकुलाचा १७९० च्या आसपास. ऋणप्रभार वाढला की धातू जास्त इलेक्ट्रॉन मागे देतो. ते कार्बन मोनॉक्साइडच्या प्रतिबंधी कक्षकांत शिरतात, आणि त्याचा आतला बंध सैल पडतो.

प्रात्यक्षिक आणि हवामान : ग्रिन्यार विक्रियेला मुंबईची हवा अजिबात मानवत नाही. पहिले सत्र ऐन पावसाळ्यात येते. ओव्हनमधून काढलेले काचसामान उघड्यावर थंड केले तर आत दमट हवा शिरते. म्हणून गरम असतानाच जोडणी करून कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब (ओल शोषणारी नळी) लावतात. हिशेब निष्ठुर आहे : २.४ ग्रॅम मॅग्नेशियम आणि १५.७ ग्रॅम ब्रोमोबेंझीन घेतले, तर ०.९ मिलि. पाणी अर्धे अभिकारक मारते. ईथर ३४.६ °से.ला उकळते आणि मे महिन्यातली विनावातानुकूलित प्रयोगशाळा त्याच्या जवळच असते. गच्चीवरच्या टाकीतले कोमट पाणी कंडेन्सरला पुरत नाही. बर्फाचे पाणी छोट्या पंपाने फिरवावे लागते. विक्रिया सुरू होईना, तर आयोडीनचा खडा टाकून मॅग्नेशियमचे तुकडे काचकांडीने चिरडतात. सुरू व्हायच्या आतच सगळे ब्रोमोबेंझीन ओतणे ही नेहमीची चूक. मग एकदम उसळते.

त्या मानाने फेरोसीनचे ॲसिटिलीकरण (वलयावर ॲसिटिल गट जोडणे) पावसाळ्यातही जमते. १.५ ग्रॅम फेरोसीन, ५ मिलि. ॲसिटिक ॲनहायड्राइड, हलवत थेंब थेंब १ मिलि. ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल. गार्ड ट्यूब लावून दहा मिनिटे उकळत्या वॉटर बाथवर, मग बर्फावर ओतून सोडियम बायकार्बोनेटने उदासीन करणे. बायकार्बोनेट चिमूटचिमूट घालावे, फेस बीकरबाहेर जातो. (ॲनहायड्राइड हा अमली पदार्थ कायद्याखालील नियंत्रित पदार्थ, महाविद्यालयात त्याचा साठा हिशेबात लागतो.) जास्त वेळ तापवले की काळा डांबरी गोळा बनतो. पाण्याचा थर निळा-हिरवा दिसला, तर काही फेरोसीन ऑक्सिडीकृत होऊन फेरोसिनियम झाले आहे. सैद्धांतिक उत्पन्न १.८४ ग्रॅम, हातात येते त्याहून बरेच कमी.

शुद्धीकरणासाठी ॲल्युमिनाचा स्तंभ. पट्टे रंगीत असल्याने अतिनील दिव्याची गरज नाही : पेट्रोलियम ईथरबरोबर न विक्रिया झालेल्या फेरोसीनचा पिवळा पट्टा आधी उतरतो, ध्रुवीयता वाढवल्यावर ॲसिटिलफेरोसीनचा नारिंगी-लाल. ४०–६० °से.ला उकळणारे पेट्रोलियम ईथर मुंबईच्या उकाड्यात लगेच उडते आणि स्तंभाला तडे जातात. ६०–८० चे बरे. ॲसिटिलफेरोसीनचा वितळबिंदू ८५ °से.च्या आसपास येतो. फेरोसीनचा १७३ °से.च्या सुमारास असला तरी ते त्याआधीच संप्लवते, म्हणून त्याची केशनलिका दोन्ही टोकांनी बंद करतात. उघडी ठेवली तर वितळायच्या आतच नळी रिकामी होते.