डस्ट २

डस्ट २ हा ‘काउंटर-स्ट्राइक’ या बहुखेळाडू नेमबाजी संगणकखेळातील एक मॅप, म्हणजे ज्यात सामना रंगतो तो आभासी परिसर आहे. डेव्ह जॉन्स्टन या रचनाकाराने तयार केलेला हा मॅप मार्च २००१ मध्ये खेळाच्या १.१ या आवृत्तीबरोबर आला. १९९९ मधला मूळ ‘डस्ट’ही जॉन्स्टन यांनीच किशोरवयात केला होता, त्याचे वाळवंटी रूप त्यांना ‘टीम फोर्ट्रेस २’ या तेव्हा घडत असलेल्या खेळाची चित्रे पाहून सुचले. नव्या मॅपचे काम सुरू असताना त्याला ‘डस्ट ३’ म्हटले जाई.

खेळाचा गाभा सोपा आहे. एका संघाने ए किंवा बी या दोन जागांपैकी एकीवर बॉम्ब लावायचा आणि दुसऱ्याने तो लावू द्यायचा नाही, लावलाच तर निकामी करायचा. मॅपची आखणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी असून मधली वाट, म्हणजे ‘मिड’, दोन्ही वेटोळ्यांना सामाईक आहे. ए जागेकडे हल्लेखोर ‘लाँग’ या लांब वाटेने किंवा मिडमधून वर चढणाऱ्या ‘शॉर्ट’ने जातात, तर बी जागेकडे बोगद्यातून किंवा मिडमार्गे वळून जातात. त्यामुळे मिड ज्याच्या हाती, त्याला दोन्ही जागा जवळ पडतात, आणि बचाव करणाऱ्यांना आपली माणसे नेमकी कुठे वाटायची हा पेच दर फेरीत नव्याने सोडवावा लागतो.

मिडमधील दुपाखी दरवाजा हे या आखणीचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणावे लागेल. त्याच्या दोन फळ्यांमध्ये अरुंद फट आहे आणि पूर्वी हल्लेखोरांच्या आरंभस्थानाजवळून त्या फटीतून थेट पलीकडचे दिसत असे. फेरी सुरू होताच एकजण ‘एडब्ल्यूपी’ ही दुर्बिणीची बंदूक रोखून उभा राही आणि बी जागेकडे धावणारा बचावपटू क्षणभर फटीत दिसला की चाप ओढी. काहीच न करता मरण्याचा हा अनुभव अनेकांना अन्यायकारक वाटे, तरीही पुढच्या फेरीत तेच लोक तिथूनच धावत. सप्टेंबर २०२१ च्या बदलात ही दृष्टिरेषा अडवण्यात आली.

लोकप्रियता टिकण्याचे मोठे श्रेय या आखणीच्या काटकसरीला द्यायला हवे. उघड्या भिंती, कमानी, लाकडी खोकी आणि उतार एवढ्याच सामग्रीत सगळे बसवलेले असल्याने नवख्याच्याही वाटा दोन-चार फेऱ्यांत पाठ होतात. मात्र धूरबॉम्ब कुठून टाकला म्हणजे नेमका कुठे पडतो, हे शिकणे संपत नाही. लांब मोकळ्या रेषांमुळे डावपेचांपेक्षा नेमबाजीला जास्त वाव मिळतो, ही टीका रास्त आहे, पण हौशी खेळाडूला हवे असते ते नेमके हेच.

फेब्रुवारी २०१७ मध्ये हा खेळ काढणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने हा मॅप अधिकृत स्पर्धांच्या संचातून काढून ‘इन्फर्नो’ हा दुसरा मॅप घेतला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डस्ट २ ची नवी, अधिक स्वच्छ मांडणी आणली आणि २०१८ मध्ये त्याला परत घेतले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘अनुबिस’ या मॅपसाठी तो पुन्हा बाहेर गेला. गंमत अशी की मार्च २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ची मर्यादित चाचणी सुरू झाली, तेव्हा स्पर्धेबाहेर असलेला डस्ट २ हाच खेळाडूंपुढे प्रथम ठेवण्यात आला, स्पर्धांच्या संचात तो एप्रिल २०२४ मध्ये ‘ओव्हरपास’च्या जागी परतला.