नॅनो कीटकनाशके

नॅनो कीटकनाशक म्हणजे फवारणीचं औषध बहुतेक वेळा तेच, पण त्याचे कण किंवा थेंब इतके बारीक केलेले की ते नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात. एका मीटरचे 100 कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केसच 80 हजार ते 1 लाख नॅनोमीटर जाड असतो, आणि शास्त्रात साधारण 1 ते 100 नॅनोमीटरच्या कणाला नॅनो म्हणतात, औषधांच्या बाबतीत मात्र दोन-तीनशेवालेही त्याच नावावर खपतात.

विदर्भात हा शब्द गावोगावी पोचला तो 2021 नंतर इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेच्या नॅनो युरियाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीमुळे. पण ते खत आहे, त्याला खत नियंत्रण आदेश लागू, आणि कीटकनाशकाला 1968 चा कीटकनाशक कायदा, त्यामुळे दोन्ही एकाच मापाने मोजू नये.

प्रकार बरेच आहेत. कुठे औषधाचं नॅनो इमल्शन, म्हणजे पाण्यात अतिबारीक तेलकट थेंबांचं मिश्रण, करतात (निंबोळी तेलाचंही होतं), कुठे ते पॉलिमरच्या (प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या) किंवा कायटोसानच्या (कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनणाऱ्या पदार्थाच्या) बारीक कुपीत भरतात, कुठे छिद्रं असलेल्या सिलिकाच्या कणात, आणि चांदी, तांबं, झिंक ऑक्साईडचे कण तर स्वतःच बुरशी-जिवाणू मारतात. कण दहापट लहान केला की तेवढ्याच वजनाच्या औषधाचा पृष्ठभाग दहापट वाढतो, म्हणून कमी औषधात काम भागू शकतं. कुपीतलं औषध हळूहळू सुटतं आणि उन्हाने लवकर खराब होत नाही. पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, मावा, तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळी यांच्यासाठी हंगामात किती फवारे मारावे लागतात हे ज्याने पाहिलं त्याला याचा मोह होणारच, आणि तो चुकीचा नाही.

पण डोस कमी झाला म्हणून धोकाही तेवढाच कमी झाला असं धरता येत नाही, कारण जे गुण पानावर कामाचे तेच मातीत त्रासाचे ठरू शकतात. टिकाऊ कुपी मातीतही टिकू शकते. आपल्या काळ्या मातीत चिकणमातीचा भाग भरपूर, कण तिला चिकटून वरच्या थरात साचू शकतात, किंवा जोराच्या पावसात गढूळ पाण्याबरोबर नाल्यात जातात, आणि उन्हाळ्यात भेगाळलेल्या वावरात पहिल्या पावसाचं पाणी सरळ भेगेतून खाली उतरतं. चांदीचे कण चांगले-वाईट जिवाणू ओळखत नाहीत, तूर-सोयाबीन-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठीत राहून पिकाला नत्र देणारे रायझोबियमही जिवाणूच आहेत. चांदी, तांबं आणि झिंक ऑक्साईडचे कण पाण्यातल्या बारीक जिवांना, माशांना घातक ठरू शकतात हे प्रयोगशाळेत दिसलंय. मधमाशीचा अनुभव तर जुना आहे, नॅनोच्या आधी मायक्रोकॅप्सूलवालं, म्हणजे बारीक कुप्यांत भरलेलं, मिथाईल पॅराथिऑन हे कीटकनाशक आलं होतं, त्याच्या कुप्या परागाच्या आकाराच्या, माश्या त्या परागासोबत पोळ्यात घेऊन जायच्या आणि पोळंच मरायचं.

फवारणाऱ्या माणसाचं काय हा प्रश्न आमच्यासाठी सगळ्यात मोठा. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात होते, आणि ती साधीच औषधं होती, नॅनो नव्हती. डोक्याएवढ्या कपाशीत तोंडाला दुपट्टा बांधून पंप चालवणारा मजूर अजूनही दिसतो, दुपट्ट्याने फवाऱ्याचे साधे बारीक थेंबही नीट अडत नाहीत तर नॅनो कण कुठून अडणार, आणि इतके बारीक कण श्वासातून फुप्फुसात खोलवर जाऊ शकतात.

2020 मध्ये केंद्राने नॅनो कृषी निविष्ठा (खतं, औषधं वगैरे) तपासायची मार्गदर्शक तत्त्वं काढली. मूळ औषध आधीच मंजूर असलं तरी नॅनो रूप नव्याने तपासायला पाहिजे, तेही काळ्या मातीत, विहिरीच्या पाण्यात आणि भर हंगामाच्या दमट हवेत. कणाचा आकार आणि वरचं आवरण कशाचं हे बाटलीवर मराठीत छापलेलं असावं. तोवर तरी पंप नाल्यावर नेऊन धुवू नये, ढोरं तेच पाणी पितात.