स्क्रम आणि कानबान: मर्यादा वेळेला की हातातील कामांना?

अॅजाइल पद्धतीने, म्हणजे लहान टप्प्यांत काम करून बदल सामावून घेत, सॉफ्टवेअर प्रकल्प चालवायला शिकणाऱ्याच्या कानावर स्क्रम आणि कानबान ही नावे बहुधा एकदमच पडतात, आणि दोन्हींचे बोर्ड सारखेच दिसतात: डावीकडे करायची कामे, मध्ये चालू असलेली आणि उजवीकडे पूर्ण झालेली. त्यामुळे ‘स्प्रिंट (ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा) असली की स्क्रम, नसली की कानबान’ एवढीच समजूत करून घेतली जाते. ती अपुरी आहे, कारण स्क्रम वेळेला मर्यादा घालते, तर कानबान एका वेळी हातात असलेल्या कामांच्या संख्येला, आणि इतर बहुतेक भेद याच एका भेदातून निघतात.

स्क्रम जाहीरपणे मांडली गेली ती १९९५ मध्ये, केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्याकडून. पुढे २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात स्नोबर्ड येथे ज्या १७ जणांनी अॅजाइल जाहीरनामा लिहिला, त्यांत हे दोघेही होते. स्क्रममध्ये काम स्प्रिंटमध्ये विभागलेले असते. स्प्रिंट एक महिन्याची किंवा त्याहून लहान असते आणि तिची लांबी शक्यतो बदलत नाही. प्रॉडक्ट ओनर (कोणते काम आधी करायचे ते ठरवणारा), स्क्रम मास्टर (पद्धत नीट पाळली जावी हे पाहणारा) आणि डेव्हलपर यांच्या जबाबदाऱ्या ठरलेल्या असतात, रोजची बैठक १५ मिनिटांत संपवायची असते. एकदा सुरू झालेल्या स्प्रिंटमध्ये काहीच बदलता येत नाही, असे अनेकदा शिकवले जाते, ते मात्र बरोबर नाही. जपायचे असते ते स्प्रिंटचे उद्दिष्ट. त्याला धक्का लागणार नसेल, तर नवी माहिती हाती येईल तशी कामांची यादी प्रॉडक्ट ओनरशी बोलून बदलता येते.

कानबानचे मूळ टोयोटाच्या कारखान्यांत, ताइइची ओनो यांनी घडवलेल्या उत्पादनपद्धतीत आहे. सॉफ्टवेअरमध्ये ती रुजवण्याचे श्रेय मुख्यतः डेव्हिड अँडरसन यांना दिले जाते. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ज्या देखभाल संघाबरोबर त्यांनी या विचाराचा पहिला प्रयोग केला, त्याचे प्रोग्रामर हैदराबादेत होते. येणाऱ्या प्रत्येक मागणीचा अंदाज देण्यातच त्यांचा बराच वेळ जात असे. ते अंदाज बंद करून हातातील काम मर्यादित ठेवल्यावर तुंबलेली कामे वाहू लागली.

ही मर्यादा कशी काम करते, ते नीट समजून घेण्यासारखे आहे. समजा, टेस्टिंगच्या रकान्याची मर्यादा ३ आहे आणि तेथे तीन कामे अडकली आहेत. आता कोड लिहून झालेला डेव्हलपर आपले काम पुढे ढकलू शकत नाही आणि त्याचा स्वतःचा रकानाही भरलेला असेल तर नवे काम उचलूही शकत नाही. त्याने टेस्टिंगला हातभार लावणे, हाच शहाणपणाचा मार्ग उरतो. यामागे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम आहे. संघ दिवसाला सरासरी ३ कामे पूर्ण करत असेल आणि हातात १२ कामे असतील, तर एका कामाला सरासरी ४ दिवस लागतात. त्याच वेगाने चालणाऱ्या संघाच्या हातात ३० कामे असतील तर १० दिवस. म्हणून जास्त कामे सुरू केल्याने ग्राहकाला काही लवकर मिळत नाही. ज्या बोर्डावर अशी मर्यादा नाही, त्याला माझ्या मते कानबान म्हणू नये. ती भिंतीवर लावलेली यादी आहे.

निवड करताना काम कसे येते ते पाहावे. नवे मोबाइल अॅप घडवणाऱ्या संघाला दर दोन आठवड्यांनी वापरणाऱ्यांसमोर काहीतरी ठेवून त्यांचे मत घ्यायचे असते. तेथे स्क्रम शोभते. प्रॉडक्शनमधील, म्हणजे प्रत्यक्ष वापरात असलेल्या सॉफ्टवेअरमधील, बिघाडांची टिकेटे (तक्रारींच्या नोंदी) सांभाळणाऱ्या संघाला मात्र उद्या काय येईल हेच ठाऊक नसते, आणि अशा संघावर स्प्रिंटचे नियोजन लादणे मला अन्यायाचे वाटते. उलट, अंदाज सतत चुकतात म्हणून स्प्रिंट सोडून कानबानकडे जाणेही फसवे आहे, कारण काम अडकण्याचे मूळ कारण तसेच राहते आणि ते दाखवणारी मुदत तेवढी जाते.

दोन्ही पद्धती एकत्रही नांदू शकतात. ज्या स्क्रम संघाची बरीचशी कामे स्प्रिंटच्या शेवटच्या दोन दिवसांत टेस्टिंगपाशी साचतात, त्याने स्प्रिंट कायम ठेवून फक्त त्या एका रकान्याला मर्यादा घालून पाहावी.