सूक्ष्मजीवशास्त्र आणि वैद्यकीय विद्यार्थी

भारतात एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षी पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजीच्या जोडीने शिकवला जाणारा सूक्ष्मजीवशास्त्र हा विषय विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘मायक्रो’ म्हणून येतो. तो महत्त्वाचा आहे हे कोणी नाकारत नाही. तरी बहुतेकांच्या हाती तो परीक्षा तोंडावर आल्यावरच लागतो.

याला मुख्यतः पाठांतर कारणीभूत आहे. जिवाणू, विषाणू, बुरशी आणि परजीवी यांची नावे, वाढमाध्यमे, जैवरासायनिक चाचण्या, जीवनचक्रे हे सगळे लक्षात ठेवायचे आणि तेवढ्याच वेगाने विसरायचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, ही हकिकत वर्ग कान देऊन ऐकतो. व्हायवापुरते, म्हणजे तोंडी परीक्षेपुरते, मात्र त्या जिवाणूचे ‘सेफ्टी पिन’सारखे दिसणे एवढेच उरते.

पूर्वी हा विषय जंतूंच्या वर्गीकरणानुसार शिकवत. त्यामुळे टायफॉइडचा जंतू तोंडपाठ असे, पण तापाच्या रुग्णासमोर कशाकशाचा संशय घ्यायचा ते सुचत नसे. २०१९ मध्ये लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाने मांडणी शरीरसंस्थांनुसार केली. आता स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू गळवात भेटतो, हाडांच्या संसर्गात भेटतो आणि हृदयाच्या झडपांवरही. रुग्णाशी धागा जुळतो हे खरे. एकच जंतू तुकड्यातुकड्यांत वाचावा लागतो, ही तक्रारही गैर नाही.

प्रात्यक्षिकांना मात्र उत्साह असतो. जिवाणू रंगवून ओळखण्याच्या ग्रॅम रंजनात रंग धुऊन काढणारे अ‍ॅसिटोन जरा जास्त वेळ राहिले की जांभळे दिसायला हवेत ते कॉकाय (गोल जिवाणू) गुलाबी दिसतात आणि निदानच फिरते. अशी स्लाइड एकदा बिघडली की रंगद्रव्यांचा क्रम वेगळा पाठ करावा लागत नाही.

मत खरे पालटते ते वॉर्डात. प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून करायची तपासणी) का घ्यायचे, अहवालातल्या ‘रेझिस्टंट’पुढे (औषधाला न जुमानणारा जंतू) कोणते औषध निवडायचे, हे इंटर्नशिपमध्ये रोज समोर येते. कोविडकाळात अनेक महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी आरटी-पीसीआर तपासण्यांचा भार उचलला, तेव्हा एरवी दुर्लक्षित राहणारा हा विभाग सगळ्यांच्या नजरेत आला.

पदव्युत्तर प्रवेशात या आदराचा फारसा उपयोग होत नाही. मेडिसिन, रेडिओलॉजी, त्वचारोग या जागा आधी भरतात. २०२३ मध्ये नीट-पीजी या प्रवेश परीक्षेची पात्रता शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. दरवर्षी रिकाम्या राहणाऱ्या जागांत सूक्ष्मजीवशास्त्रासारख्या बिगर-क्लिनिकल (थेट रुग्णांवर उपचार न करणाऱ्या) शाखांचा वाटा मोठा असतो.